मावशी, हे पुस्तक धरतात का?

एरवी या ब्लॉगवर मी जिवाणूंबद्दल लिहिते, कारण माझी पीएचडी त्यांच्यावर चालू आहे. आजचा विषय वेगळा आहे आणि तो ताईने माझ्या गळ्यात घातलाय.

ताईची मुलगी तिसरीत आहे. तिच्या शाळेने जूनपासून एक योजना सुरू केली. घरी पुस्तक वाचायचं, वाचनवहीत पुस्तकाचं नाव आणि पानांची संख्या लिहायची, आईची सही आणायची. मग वर्गातल्या तक्त्यावर तुमच्या नावापुढे एक चांदणी लागते. पंचवीस चांदण्या झाल्या की प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर मेडल. मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही वाचावं ही बाईंची तळमळ खरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

पण ही भाची म्हणजे एकच पुस्तक पंधरा वेळा वाचणारी मुलगी. पुढे काय होणार हे पाठ असूनही त्याच पानावर दर वेळी हसणारी. गणपतीत ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला गोष्टींचं एक जाडसर पुस्तक दिलं. तिने आधी शेवटचं पान काढून आकडा बघितला आणि विचारलं, "मावशी, हे एकच पुस्तक धरतात का? की प्रत्येक गोष्टीची वेगळी चांदणी?" मी म्हटलं, मला काय माहीत. तिने ते बाजूला ठेवलं आणि दप्तरातून बारा पानांचं एक पुस्तक काढलं. त्या दुपारी तिने तीन चांदण्या कमावल्या. हसली एकदाही नाही.

आता दुसरी बाजू. ताईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तिच्या वर्गातला एक मुलगा राहतो. तो पुस्तक म्हटलं की पळायचा. त्याची आई सांगते की या योजनेमुळे त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पुस्तक मागितलं. अक्षरांवर बोट ठेवून, अडखळत का होईना, त्याने नऊ चांदण्या मिळवल्यात. त्याच्या आईला तुम्ही "बक्षिसांनी मुलं बिघडतात" असं सांगून बघा.

या शनिवारी पालकसभा आहे. ताई म्हणाली, "तू रिसर्च करतेस ना? मग सांग, हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, दोन्ही. ती वैतागली. म्हणून गेले तीन आठवडे लॅबमधून आल्यावर मी यावरचं संशोधन वाचत बसले. मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी नाही, हे आधीच सांगते. पण प्रयोग कसा रचलाय, कोणाला निवडलंय आणि त्यातून नेमकं काय सिद्ध होतं, एवढं बघायची सवय मला आहे. तेच इथे करते.

पिझ्झापासून सुरुवात

वाचनाच्या बक्षीस योजनांमधली जगात सगळ्यात गाजलेली योजना अमेरिकेतली. तिचं नाव 'बुक इट!'. पिझ्झा हट कंपनीने ती १९८४ साली कॅन्ससमध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी देशभर नेली. पद्धत सोपी आहे. शिक्षक प्रत्येक मुलाला महिन्याचं उद्दिष्ट ठरवून देतात, कोणाला इतकी पुस्तकं, कोणाला इतकी मिनिटं. उद्दिष्ट पूर्ण झालं की मुलाला एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते दुकानात दाखवलं की एक छोटा पिझ्झा फुकट. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी अमेरिकन माणसांची लहानपणीची ती लाडकी आठवण आहे.

यावर टीकाही तितकीच झाली. अल्फी कोन यांनी १९९३ साली 'पनिश्ड बाय रिवॉर्ड्स' हे पुस्तक लिहिलं. बक्षीस ही शिक्षेचीच गोड बाजू आहे, दोन्हींचा हेतू माणसाला ताब्यात ठेवणं हाच असतो, असा त्यांचा एकंदर सूर. मुलाला "हे वाच, मग पिझ्झा मिळेल" असं सांगितलं की वाचन हे पिझ्झासाठी सोसायचं काम आहे, असंच आपण त्याला शिकवतो. ऐकायला हे एकदम पटतं. भाचीकडे बघून मलाही पटलं होतं.

पण पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. म्हणून या टीकेमागचा मूळ प्रयोग उघडला.

चित्र काढणाऱ्या मुलांचं काय झालं?

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हा प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे रंगीत मार्कर ठेवले आणि मोकळ्या वेळात कोण आपणहून चित्रं काढतं ते पाहिलं. ज्यांना चित्रं काढायला आवडत होतं, त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, पण चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही.

एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोकळ्या वेळात मार्कर ठेवले, या वेळी बक्षिसाचं नावही न काढता. आधी कबूल करून बक्षीस मिळालेल्या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ बाकी दोन्ही गटांच्या जवळपास निम्मा भरला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांवर मात्र असा परिणाम झाला नाही. म्हणजे घोळ बक्षीस मिळण्यात नव्हता, तर "हे केलंस तर ते मिळेल" या सौद्यात होता.

प्रयोग सुंदर आहे. विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. पण तो वाचताना माझी पेन्सिल एका ठिकाणी अडली, तुम्हीही तिथे थांबा. या प्रयोगात घेतलेली सगळी मुलं आधीपासून चित्रांची आवड असलेली होती. ज्यांना आवड नव्हती ती मुलं यात नाहीतच! आवड असलेल्याची आवड कमी होऊ शकते, एवढंच हा प्रयोग सांगतो. ज्याला आवडच लागलेली नाही त्याचं काय होतं, याबद्दल तो गप्प आहे. आणि ही फक्त ५१ मुलं होती, एका नामवंत विद्यापीठाच्या बालवाडीतली, आणि काम होतं चित्रांचं. चित्र काढायला आधी दोन वर्षं अक्षरओळख करावी लागत नाही. वाचायला लागते.

भाची या प्रयोगात बसते. वरच्या मजल्यावरचा मुलगा बसत नाही.

शास्त्रज्ञांचं भांडण

पुढे यावर इतके प्रयोग झाले की त्या सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडावा लागला. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ साली १२८ प्रयोग एकत्र करून सांगितलं की वस्तुरूप आणि आधी कबूल केलेली बक्षिसं आतली ओढ कमी करतात. विरोधी बाजूला जुडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स होते. त्यांनी १९९४ मध्येच म्हटलं होतं की सरसकट असं काही दिसत नाही. दोन्ही बाजू एकमेकांच्या चुका काढत वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. २००१ मध्ये कॅमेरॉन यांच्या गटाने पुन्हा हिशोब केला आणि आवडीची कामं व नावडती कामं वेगळी केली. तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. आवडीच्या कामात, कसं केलं ते न बघता नुसतं केल्याबद्दल दिलेलं बक्षीस नुकसान करतं. नावडत्या कामात तेच बक्षीस ओढ वाढवू शकतं.

आता आपल्या चांदण्यांच्या तक्त्याकडे बघा. चाळीस मुलांच्या वर्गात एकच तक्ता आहे. तो गृहीत धरतो की 'वाचन' ही सगळ्यांसाठी एकच गोष्ट आहे. पण एका मुलीसाठी तो खेळ आहे आणि एका मुलासाठी डोंगर. डोंगर चढणाऱ्याला दिलेली काठी आपण खेळणाऱ्या मुलीच्याही हातात दिली आणि म्हटलं, ही टेकवतच पळ. माझा मुख्य आक्षेप हा आहे. बक्षीस द्यायचं की नाही, हा वाद मला दुय्यम वाटतो.

'बुक इट!'च्या बाजूने एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो, त्याबद्दलही दोन शब्द. स्टीफन फ्लोरा आणि डेव्हिड फ्लोरा यांनी १९९९ साली १७१ कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं की लहानपणी तुम्हाला वाचनासाठी पिझ्झा किंवा पैसे मिळायचे का, आणि आता वाचन आवडतं का. बक्षिसाने नुकसान झाल्याचं त्यात दिसलं नाही. छान. पण हे सगळे कॉलेजात पोचलेले लोक! ज्यांचं वाचनाशी कायमचं वाकडं झालं, ते या यादीत यायची शक्यताच कमी. शिवाय पंधरा वर्षांपूर्वीची आठवण हा कच्चा पुरावा. माझ्या गाईडने असा डेटा पाहून मला लॅबबाहेर काढलं असतं.

डॅलसमधले दोन डॉलर

सगळ्यात भक्कम वाटलेला प्रयोग रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या डॅलस शहरात त्यांनी दुसरीतल्या मुलांना प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले. अट अशी की पुस्तक वाचून संगणकावर छोटी चाचणी द्यायची आणि त्यात ८० टक्के गुण मिळवायचे. एका सत्रात जास्तीत जास्त वीस पुस्तकं. कोणत्या शाळेत पैसे द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, त्यामुळे तुलना प्रामाणिक आहे.

मुलांनी सरासरी १४ डॉलरपेक्षाही कमी कमावले, पण त्यांचं आकलन खरोखर सुधारलं. मुलांच्या आतल्या ओढीचीही प्रश्नावली घेऊन तपासणी झाली, तिथे मोठी पडझड दिसली नाही. गंमत म्हणजे याच संशोधनात न्यूयॉर्कमध्ये परीक्षेच्या गुणांसाठी आणि शिकागोत वर्गातल्या ग्रेडसाठी पैसे दिले होते, तिथे काहीच फरक पडला नाही. कारण समजण्यासारखं आहे. "पुस्तक वाच" हे मुलाच्या हातात असतं. "गुण वाढव" म्हटलं तर कसे वाढवायचे, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मुलाची आई बरोबर आहे. बक्षीस चालतं.

पण दोन गोष्टी नजरेआड करू नका. पैसे थांबल्यावर पुढच्या वर्षी फायदा ओसरत गेलेला दिसला. आणि दुसरी मला जास्त टोचली. हा फायदा इंग्रजीतून चाचणी देणाऱ्या मुलांना झाला. जी मुलं स्पॅनिशमधून चाचणी देत होती, त्यांच्यात फायदा तर नाहीच, उलट घसरण दिसली. एक शक्यता अशी की पैशांच्या नादाने ती इंग्रजी पुस्तकांकडे वळली आणि घरच्या भाषेतलं वाचन मागे पडलं. आपल्याकडे सेमी-इंग्रजी शाळांमध्ये अशी योजना राबवताना कोणत्या भाषेतलं पुस्तक 'धरायचं', हा प्रश्न कोणी विचारतं का?

वही आणि सही

आपल्याकडे बहुतेक शाळांत वाचनवही म्हणजे निरुपद्रवी गोष्ट समजली जाते. सारा पाक आणि ॲलिसन वेसली यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दुसरी-तिसरीच्या ११२ मुलांवर एक छोटा प्रयोग केला. काहींना वाचनाची नोंद ठेवणं सक्तीचं, काहींना ऐच्छिक. काही आठवड्यांनी सक्तीची नोंद ठेवणाऱ्या मुलांची वाचनाची आवड कमी झाली, ऐच्छिकवाल्यांची वाढली. बक्षिसाचा इथे संबंधच नव्हता. नुसतं "वाचलंस याचा पुरावा आण" एवढ्यानेच हे झालं.

प्रयोग लहान आहे, त्यावर शाळेचं धोरण ठरवू नये. पण ताईचं ऐका: "रात्री साडेनऊला ती सहीसाठी वही घेऊन येते. मी भाकऱ्या करत असते. वाचलंस का विचारते, ती हो म्हणते, मी सही करते." दोघीही मनातून ओशाळलेल्या. एका पुस्तकाने आई-मुलीत एवढं तरी व्हायला नको होतं.

मग बक्षीस द्यायचं तरी कोणतं?

मला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास बार्बरा मारिनाक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांचा, २००८ चा. तिसरीतली ७५ मुलं. वाचल्याबद्दल काहींना छोटी खेळणी-ब्रेसलेटसारख्या वस्तू दिल्या, काहींना पुस्तक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात कोण आपणहून वाचतं ते बघितलं. वस्तू मिळालेली मुलं मागे पडली. पुस्तक मिळालेली आणि काहीच न मिळालेली मुलं वाचनाकडे टिकून राहिली. म्हणजे बक्षीस हे ज्या कामासाठी आहे त्याच्या जितकं जवळचं, तितकं ते कमी नुकसान करतं. पुस्तकाचं बक्षीस पुस्तक दिलं की मुलाला कळतं, ही वस्तू इतकी मोलाची आहे की बक्षीस म्हणून देतात. मेडल दिलं की कळतं, मोलाचं मेडल आहे.

हे आपल्याकडे नवीन नाही. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक वर्गात सुरुवात करतो ती गोष्टी सांगून, आणि एकसारख्या पाठ्यपुस्तकांऐवजी वर्गाचं स्वतःचं छोटं ग्रंथालय उभं करायच्या मागे लागतो. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तीच बालशिक्षणाची वाट पुढे बोर्डी-कोसबाडच्या मुलांपर्यंत नेली. आपण मात्र २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, 'वाचन प्रेरणा दिन' साजरा करतो आणि कितीतरी ठिकाणी त्याचा शेवट 'कोणी किती वाचलं' या आकड्यावर होतो. प्रेरणा मोजायला गेलं की हाती आकडाच लागतो.

हे मला का झोंबतं

खरं सांगू? भाचीने पानं मोजली तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली. कारण आम्ही संशोधक तेच करतो. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रकाशित करायची सक्ती होती. हेतू तोही चांगलाच. झालं काय? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं दुकान जोरात चाललं आणि एका कामाचे तीन पातळ तुकडे करून तीन पेपर काढायची कला अनेकांना अवगत झाली. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली, पण मोजायची सवय जात नाही. मागच्या महिन्यात एक प्रयोग अपेक्षेपेक्षा वेगळाच निकाल देऊन गेला. खूप छान कोडं होतं. आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला, यावर पेपर होईल का? 'हे धरतात का?' याचंच पीएचडी रूप. मी आठ वर्षांची नाही. मला निदान कळतं की काहीतरी हरवलंय. तिला तेही कळणार नाही, तिला वाटेल वाचन म्हणजे हेच.

शनिवारी ताई काय मागणार

योजना बंद करा, असं ती म्हणणार नाही. त्या मुलाच्या नऊ चांदण्या पुसायचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही दोघींनी बसून चार मुद्दे काढलेत:

१. चांदण्या अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी ठेवा, तेही ठराविक महिने, आणि चारचौघांत तक्त्यावर न लावता त्यांच्या वहीत. जी मुलं आपणहून वाचतात त्यांना या हिशोबातून मोकळं करा.

२. पुस्तकांची संख्या मोजू नका. मोजायचंच असेल तर वेळ मोजा, म्हणजे जाड पुस्तक आणि पुन्हा वाचलेलं पुस्तक यांना शिक्षा होणार नाही. मराठी, इंग्रजी, घरी बोलतात ती कोणतीही भाषा, सगळं धरा.

३. मेडलऐवजी पुस्तक द्या आणि ते मुलाला स्वतः निवडू द्या. खर्चाचा प्रश्न असेल तर पालक एकेक पुस्तक आणतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या छापूनही देता येतील.

४. सही बंद करा. त्याऐवजी आठवड्यातून एकदा वर्गात वीस मिनिटं, ज्याला वाटेल त्याने आपल्या पुस्तकाबद्दल सांगायचं. सक्ती नाही, गुण नाहीत.

पहिला मुद्दा सगळ्यात अवघड जाणार, हे मला माहीत आहे. चाळीस मुलांमध्ये कोणाला कसली गरज आहे हे बघायला बाईंकडे वेळ कुठे आहे? तक्ता लावणं सोपं आहे, म्हणूनच तो लागतो. तेव्हा बाईंवर डाफरू नका, त्यांचं एखादं काम कमी करता येतं का ते विचारा. दोन पालक आठवड्यातून एक तास वर्गात जाऊन अडखळणाऱ्या मुलांसोबत बसू शकले तरी पुष्कळ आहे. ताईने स्वतःचं नाव दिलंय.

आणि घरचं? मी भाचीला ते जाडसर पुस्तक परत दिलेलं नाही. रात्री मीच ते मोठ्याने वाचायला लागले, शेजारी ती चांदण्यांचं पुस्तक घेऊन बसलेली. तिसऱ्या रात्री म्हणाली, "हे वहीत नको लिहूया." मी म्हटलं, नको. तिने पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "मग परत पहिल्यापासून वाच."

तुमच्या मुलांच्या शाळेत अशी योजना आहे का? मुलं काय म्हणतात? मला जरूर कळवा. शनिवारी काय झालं ते पुढच्या वेळी सांगते, आणि मग आपण आपल्या जिवाणूंकडे वळू.